संपत्तीच्या नुकसानीचा खटला, शिक्षा आणि अपील : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बांधावरून वाद होऊन ठिबकच्या नळ्या तोडल्या, शेजाऱ्याची कंपाउंडची भिंत जेसीबी लावून पाडली, मोर्चात एसटीच्या काचा फुटल्या. अशा खटल्यांत शिक्षा लागली की घरातले सगळे एकच प्रश्न विचारतात, 'वरच्या कोर्टात सुटेल का?' त्याच्या शेजारचा दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही : दिलेली शिक्षा त्या न्यायालयाला देता येत होती का, आणि कायद्याच्या मापात ती बसते का? अपिलात या दोन वेगळ्या लढती आहेत. पहिली हरूनही दुसरी जिंकता येते, म्हणून पुढे दुसरीवर जास्त भर दिला आहे.

संपत्तीचे नुकसान करणे हा नेमका कोणता गुन्हा?

कायद्यात त्याला 'आगळीक' म्हणतात. भारतीय दंड संहितेत तिची व्याख्या कलम ४२५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये आहे. व्याख्या जवळपास तीच राहिली. जनतेचे किंवा कोणा व्यक्तीचे गैरवाजवी नुकसान करण्याचा हेतू हवा, किंवा तसे होण्याचा संभव आहे याची जाणीव हवी. आणि त्यातून वस्तू नष्ट झाली पाहिजे, किंवा तिची किंमत वा उपयुक्तता घटेल असा बदल तिच्यात झाला पाहिजे.

वस्तू दुसऱ्याचीच असावी लागत नाही, हे अनेकांना खरे वाटत नाही. सामायिक मालकीच्या विहिरीवरची मोटार भावाला पाणी मिळू नये म्हणून फोडली, तर 'माझाही त्यात हिस्सा आहे' एवढे उत्तर पुरत नाही. उलट, गाडी मागे घेताना चुकून फाटकाला धडकली तर ती आगळीक होत नाही. निष्काळजीपणा या व्याख्येत बसत नाही.

शिक्षा किती होऊ शकते?

जुन्या कायद्यात गणित सोपे होते. साध्या आगळिकीला ३ महिन्यांपर्यंत कैद (कलम ४२६), आणि नुकसान ५० रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर २ वर्षांपर्यंत (कलम ४२७). ५० रुपयांची ती रेघ १८६० सालची. अलीकडच्या काळात तिला काही अर्थच उरला नव्हता, कारण फुटलेली साधी कुंडीही ती ओलांडत असे.

नव्या कलम ३२४ मध्ये पायऱ्या आहेत. साध्या आगळिकीला ६ महिन्यांपर्यंत कैद. सरकारी वा स्थानिक प्राधिकरणाच्या मालमत्तेसह कोणत्याही मालमत्तेचे नुकसान झाल्यास १ वर्षापर्यंत. नुकसान २०,००० रुपये किंवा जास्त, पण १ लाखाच्या आत असेल तर २ वर्षांपर्यंत. १ लाख किंवा त्याहून जास्त असेल तर ५ वर्षांपर्यंत. या सर्वांत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, असा पर्याय न्यायालयाला असतो. मारहाणीची किंवा त्याहून गंभीर तयारी करून आगळीक केली असेल तर ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. (पहिल्या दोन पायऱ्यांमधली सीमा कायदा लिहिणाऱ्यांनी फारच धूसर ठेवली आहे. नुकसान झाल्याशिवाय आगळीक होते कशी, हा प्रश्न कोणत्याही वकिलाला पडेल.)

जनावर मारणे किंवा निकामी करणे, शेतीच्या पाण्याचा पुरवठा तोडणे, सार्वजनिक रस्ता वा पूल बिघडवणे यांना ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आग लावून नुकसान केल्यास ७ वर्षांपर्यंत. आणि राहते घर, प्रार्थनास्थळ किंवा माल साठवण्याची इमारत नष्ट करण्याच्या हेतूने आग लावली, तर १० वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप.

घटना २०२२ ची आहे, निकाल आत्ता लागला. कोणता कायदा लागू?

शिक्षेसाठी घटनेच्या दिवशी जो कायदा होता तो. संविधानाचा अनुच्छेद २०(१) सांगतो की गुन्हा घडला त्या वेळच्या कायद्यात होती त्यापेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही. २०२२ मध्ये कोणी दोन लाखांची भिंत पाडली असेल तर कमाल शिक्षा २ वर्षेच, नव्या कायद्यातली ५ वर्षे नाहीत. निकालपत्रात घटनेची तारीख आणि लावलेले कलम यांचा मेळ बसतो का, हे सगळ्यात आधी तपासा. पाच मिनिटांचे काम आहे.

अपील कुठे आणि किती दिवसांत करायचे?

प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकारी यांनी शिक्षा दिली असेल तर सत्र न्यायालयात, ३० दिवसांत. खटलाच सत्र न्यायालयात चालला असेल, उदाहरणार्थ घर जाळल्याचा, तर मुंबई उच्च न्यायालयात, ६० दिवसांत. मुख्य पीठ मुंबईत आहे, खंडपीठे नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्याने कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांची मुंबईची फेरी वाचली आहे.

निकालाची नक्कल मिळण्यात गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात. मात्र कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालपत्राची प्रत ताबडतोब आणि विनामूल्य द्यावी लागते, ती मागून घ्या. मुदत टळलीच तर विलंब माफीचा अर्ज अपिलासोबत जोडता येतो. कारण पटण्याजोगे हवे; 'कायद्याची माहिती नव्हती' हे कारण फारसे चालत नाही.

कोर्टात गुन्हा कबूल केला होता. आता अपील करता येईल का?

दोषसिद्धीविरुद्ध नाही. स्वेच्छेने गुन्हा कबूल करून शिक्षा झाली असेल तर अपील फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतेच करता येते.

हे इथे मुद्दाम ठळकपणे सांगायला हवे. 'कबूल करून टाक, दंड भरून मोकळा हो' हा सल्ला कोर्टाच्या व्हरांड्यात फार स्वस्तात मिळतो. दंड भरून माणूस घरी जातो. दोषसिद्धी मात्र त्याच्या नावावर राहते. चार वर्षांनी चारित्र्य पडताळणीत ती वर येते, तेव्हा अपिलाचे दार बंद झालेले असते.

फक्त दंड झाला आहे. अपील चालेल?

रक्कम अगदी किरकोळ असेल तर नाही. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी फक्त १०० रुपयांपर्यंतचा दंड दिला असेल, किंवा संक्षिप्त खटल्यात फक्त २०० रुपयांपर्यंतचा, तर अपील नाही. त्याहून जास्त दंडाविरुद्ध अपील होते. सोबत कैद असेल तर अर्थातच होते.

अपील होईपर्यंत तुरुंगात जावे लागेल का?

बहुतेक आगळिकीच्या प्रकरणांत नाही, पण आपोआप सुटका होत नाही. आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंतची असेल, तर शिक्षा देणारे न्यायालयच अपील दाखल करण्यापुरता वेळ देऊन त्याला जामिनावर सोडते. त्यासाठी त्याच दिवशी तसा अर्ज द्यावा लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे हे सांगणारा नवा कायदा) कलम ४३० मध्ये ही तरतूद आहे. जुन्या प्रक्रिया संहितेत ती कलम ३८९ मध्ये होती. पुढे अपिलासोबत सत्र न्यायालयात शिक्षेला स्थगिती मागायची.

शिक्षेला स्थगिती आणि दोषसिद्धीला स्थगिती या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी क्वचित मिळते आणि तिच्यासाठी खास कारण दाखवावे लागते. आंदोलनाच्या खटल्यात एखाद्या आमदाराला बरोबर २ वर्षांची शिक्षा झाली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली अपात्रता येते, कारण ती रेघ '२ वर्षे किंवा जास्त' अशी आहे. अशा माणसाला नुसत्या शिक्षेच्या स्थगितीचा उपयोग नसतो.

न्यायदंडाधिकारी जास्तीत जास्त किती शिक्षा देऊ शकतात?

इथे दोन मर्यादा एकमेकींवर बसतात. एक कलमाची, म्हणजे त्या गुन्ह्याला कायद्याने ठरवलेली कमाल शिक्षा. दुसरी त्या खुर्चीची, म्हणजे ते न्यायालय एकूणच किती शिक्षा देऊ शकते. जी मर्यादा कमी असेल ती लागू.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ नुसार द्वितीयवर्ग न्यायदंडाधिकारी १ वर्षापर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड देऊ शकतात. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. मुख्य न्यायदंडाधिकारी ७ वर्षांपर्यंत कैद. सत्र न्यायाधीश कायद्यातली कोणतीही शिक्षा देऊ शकतात, फक्त फाशीला उच्च न्यायालयाची मंजुरी लागते. जुन्या संहितेत दंडाची मर्यादा प्रथमवर्गासाठी १०,००० आणि द्वितीयवर्गासाठी ५,००० होती. मुंबईतल्या महानगर दंडाधिकाऱ्यांचा वेगळा वर्ग नव्या संहितेत राहिलेला नाही.

दोन लाखांची भिंत पाडल्याचे प्रकरण घ्या, घटना ऑगस्ट २०२४ नंतरची. कलम ३२४(५) मध्ये ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण खटला चालतो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. त्यांचा हात ३ वर्षांवर थांबतो. ३ वर्षे ६ महिन्यांची शिक्षा त्यांनी दिली तर ती कलमाच्या मापात बसते, त्यांच्या अधिकारात बसत नाही. अपिलात हा मुद्दा साक्षीपुराव्याला हात न लावता मांडता येतो.

मग कायद्यातली ५ किंवा ७ वर्षे कधी देता येतात?

न्यायदंडाधिकाऱ्यांचे मत झाले की आरोपी दोषी आहे आणि आपल्या अधिकारापेक्षा जास्त शिक्षेला पात्र आहे, तर ते स्वतः शिक्षा न देता आपले मत नोंदवून प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६४). मुख्य न्यायदंडाधिकारी गरज वाटल्यास साक्षीदार पुन्हा तपासतात आणि स्वतः निकाल देतात. हे पाऊल शिक्षा सुनावण्याआधीचे आहे. शिक्षा ठोठावून झाल्यावर 'आणखी वाढवा' म्हणून कागद वर पाठवता येत नाहीत.

मी अपील केले तर शिक्षा वाढेल का? ही भीती खरी आहे का?

नाही. शिक्षा झालेल्या माणसाने केलेल्या अपिलात न्यायालय त्याला निर्दोष सोडू शकते, फेरसुनावणीचा हुकूम देऊ शकते, कलम बदलू शकते, शिक्षेचे स्वरूप किंवा प्रमाण बदलू शकते. पण शिक्षा वाढेल असे काही करू शकत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२७ मध्ये हे शब्दशः लिहिले आहे (जुन्या प्रक्रिया संहितेचे कलम ३८६). २०२५ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितले की आरोपीच्याच अपिलात उच्च न्यायालयाने पुनरीक्षणाचा (खालच्या निकालाची कायदेशीरता तपासण्याचा) अधिकार वापरून शिक्षा वाढवणे योग्य नाही. अपील करणारा आधीपेक्षा वाईट अवस्थेत जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

स्वरूप बदलताना मात्र डोळे उघडे ठेवा. कैद काढून त्याजागी मोठा दंड लावला तर ती वाढ की घट? दंड भरला नाही तर भोगावी लागणारी कैद मूळ कैदेपेक्षा जास्त होत असेल, तर वाढ झाली असा युक्तिवाद करायला जागा आहे.

सरकारने शिक्षा वाढवण्यासाठी अपील केले तर?

तेव्हा वाढू शकते, पण आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावरच. आणि अशा अपिलात आरोपीला उलट निर्दोष सुटका किंवा शिक्षेत घटही मागता येते, त्याने स्वतः अपील केले नसले तरी. सरकारी अपिलाची नोटीस आली म्हणून घाबरून जाणाऱ्यांना हे दुसरे दार माहीत नसते.

वाढीलाही मर्यादा आहे. अपील न्यायालय त्या गुन्ह्यासाठी मूळ न्यायालय देऊ शकले असते त्यापेक्षा जास्त शिक्षा देऊ शकत नाही. भिंतीचे वरचेच उदाहरण घेऊ. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी १ वर्ष दिले, सरकार सत्र न्यायालयात गेले. सत्र न्यायाधीशांना एरवी कोणतीही शिक्षा देता येते, तरी या अपिलात ते ३ वर्षांच्या पुढे जाऊ शकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये 'जगत बहादूर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' या निकालात हेच तत्त्व मांडले होते. खालच्या खुर्चीची मर्यादा प्रकरणासोबत वर चढते.

ज्याचे नुकसान झाले तो शिक्षा वाढवून मागू शकतो का?

शिक्षा कमी पडली म्हणून पीडित व्यक्ती अपील करू शकत नाही. तो अधिकार सरकारचा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. पण आरोपी निर्दोष सुटला, सौम्य कलमाखाली दोषी ठरला, किंवा भरपाई अपुरी दिली गेली, तर पीडिताला अपिलाचा स्वतःचा हक्क आहे. तीन लाखांच्या नुकसानीला न्यायालयाने २०,००० ते १ लाखाच्या पायरीत बसवले असेल, तर 'सौम्य कलम' हा रस्ता खुला आहे.

दोषसिद्धी अपिलात बहुधा कुठे ढासळते?

पहिली जागा हेतूची. जमिनीच्या वादात समोरच्याने प्रामाणिकपणे 'ही जागा माझी' असे समजून कुंपण काढले असेल, त्यामागे मोजणीचा नकाशा किंवा दिवाणी दावा असेल, तर गैरवाजवी नुकसान करण्याचा हेतू सिद्ध करणे सरकार पक्षाला जड जाते. दावा प्रामाणिक हवा. फिर्याद झाल्यावर बनवलेल्या कागदांचा उपयोग होत नाही, उलटतपासणीत ते उघडे पडतात.

दुसरी, ओळख. जमावात नेमका दगड कोणी मारला? 'आरोपी तिथे होता' आणि 'आरोपीने काच फोडली' यांत फार अंतर आहे. बेकायदा जमावाचे कलम लावले असेल तर ते अंतर कमी होते, म्हणून त्या कलमाचा दोषारोप ठेवला होता का हे पाहावे.

तिसरी, तपासाची पद्धत. दंड संहितेचे जुने कलम ४२७ अदखलपात्र होते, म्हणजे पोलिसांना स्वतःहून तपास करता येत नसे. एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून, न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश न घेता पोलिसांनी थेट तपास केला असेल तर तो आक्षेप घेता येतो. सोबत एखादे दखलपात्र कलम असेल तर मात्र सगळे प्रकरण दखलपात्र धरले जाते आणि आक्षेप गळून पडतो.

चौथी, न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत. १ वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल १ वर्षात आणि १ ते ३ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची ३ वर्षांत घ्यावी लागते. गावाकडच्या जुन्या भांडणांत उशिरा आलेली दोषारोपपत्रे तपासली की हा मुद्दा कधी कधी हाती लागतो.

पंच फितूर झाले एवढ्यावर सुटका होत नाही. न्यायालय बाकीचा पुरावा पाहते.

नुकसानीची रक्कम आता एवढी महत्त्वाची का झाली?

कारण शिक्षेची पायरी तिच्यावर ठरते. पूर्वी पंचनाम्यात 'अंदाजे रु. ४०,०००' असे लिहिले तरी निभावून जायचे. ५० रुपयांच्या वर आहे यावर कोणाचा वाद नसे. आता ९५,००० आणि १,०५,००० यांत ३ वर्षांचा फरक आहे. तरी पंचनामे जुन्याच सवयीने 'अंदाजे' लिहिले जातात, आणि माझ्या मते येत्या काळात या कलमाखालच्या अपिलांत सर्वांत जास्त वाद याच एका शब्दावर होतील.

अपिलात विचारायचे प्रश्न साधे आहेत. रक्कम कोणी काढली? गॅरेजवाल्याचे बिल आहे की नुसते कोटेशन? बिल देणाऱ्याची साक्ष झाली का? दहा वर्षे जुन्या मोटारीच्या जागी नव्या मोटारीची किंमत धरली का? पाडलेल्या भिंतीसोबत नवे गेट आणि रंगकामही हिशेबात घुसवले का?

रक्कम १ लाखाच्या खाली आली तर दोषसिद्धी टिकूनही कमाल शिक्षा ५ वर्षांवरून २ वर्षांवर येते, आणि आधी ३ वर्षे दिली असतील तर ती कमी करावीच लागते. २०,००० च्या खाली आली तर कमाल १ वर्ष. सुटकेची आशा नसलेल्या प्रकरणातही या मुद्द्यावर काम करणे व्यर्थ जात नाही.

सरकारी मालमत्तेचे नुकसान असेल तर नियम वेगळे आहेत का?

हो. सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध अधिनियम, १९८४ लागू होतो. साध्या नुकसानीला ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पाणी, वीज, तेल, सांडपाणी, खाण वा कारखाना, सार्वजनिक वाहतूक आणि दूरसंचार यांच्याशी संबंधित मालमत्ता असेल तर किमान ६ महिने सक्तमजुरी. आग किंवा स्फोटकांचा वापर असेल तर किमान १ वर्ष, कमाल १० वर्षे.

इथे न्यायालयाचे हात खालूनही बांधलेले आहेत. किमान शिक्षेपेक्षा कमी द्यायची तर निकालपत्रात कारणे लिहावी लागतात. अपिलात घट मागताना तुमच्या वकिलांनी ती कारणे न्यायालयापुढे ठेवली पाहिजेत : वय, पहिलाच गुन्हा, नुकसान भरून दिले, खटला बारा वर्षे लांबला. 'दया करावी' असे मोघम लिहून भागत नाही. रुग्णालयातल्या तोडफोडीसाठी महाराष्ट्राचा २०१० चा वेगळा कायदा आहे. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आहे आणि उपकरणांच्या खरेदी किमतीच्या दुप्पट रक्कम वसूल होऊ शकते.

एकाच घटनेत तीन कलमे लागली. तिन्ही शिक्षा एकामागून एक भोगायच्या का?

जुन्या संहितेत न्यायालय गप्प राहिले तर शिक्षा एकामागून एक धरल्या जात. 'एकाच वेळी भोगाव्यात' ही ओळ निकालात राहून गेल्यामुळे माणूस जास्त काळ आत राहिल्याची प्रकरणे त्यामुळेच होत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५ मध्ये गुन्ह्यांचे गांभीर्य पाहून न्यायालयाने दोहोंपैकी एक हुकूम द्यायचा आहे. एकूण शिक्षेवर दोन कुंपणे आहेत : कोणत्याही परिस्थितीत २० वर्षांहून जास्त नाही (पूर्वी १४ होती), आणि ते न्यायालय एका गुन्ह्याला देऊ शकते त्याच्या दुपटीहून जास्त नाही. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसाठी ही बेरीज ६ वर्षांवर थांबते.

एकाच कृत्याला दोन कायदे लागू होत असतील तर खटला दोन्हींखाली चालू शकतो, पण त्याच गुन्ह्याची शिक्षा दोनदा देता येत नाही.

दंड भरला नाही तर किती कैद?

कैद आणि दंड दोन्ही असलेल्या गुन्ह्यात दंड न भरल्याची कैद त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशाहून जास्त नसावी. २ वर्षांच्या कलमात ती ६ महिने होते. न्यायदंडाधिकाऱ्यांनी मूळ शिक्षेतही कैद दिली असेल, तर हा चतुर्थांश ते स्वतः देऊ शकतात त्या कैदेवर मोजायचा. कलम ३२४(५) मध्ये प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तो ९ महिने भरतो, १५ नाही. दंडाचा काही भाग भरला तर कैद त्या प्रमाणात घटते.

न्यायालयाने दंड थोडा आणि भरपाई मोठी लावली. हे चालते का?

चालते, आणि इथेच बरेच जण चकतात. दंडाला ५०,००० ची मर्यादा आहे, पण शिक्षेत दंडच नसेल तर आरोपीने पीडिताला द्यायच्या भरपाईवर (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९५, जुन्या प्रक्रिया संहितेचे ३५७) आकड्याची मर्यादा नाही. ती वाजवी असावी आणि आरोपीची ऐपत पाहून ठरवावी, हे न्यायालयांनी सांगितले आहे. २०१३ मध्ये 'अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच ठरवले. ऐपतीची चौकशीच झाली नसेल तर अपिलात तो मुद्दा घ्या. शिक्षेतही दंड असेल तर भरपाई त्या दंडाच्या रकमेतूनच द्यायची असते, आणि अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा अपील निकाली निघेपर्यंत ती वाटली जात नाही.

प्रोबेशन अपिलातही मिळते का?

मिळते. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली अपील न्यायालयही चांगल्या वर्तणुकीच्या मुचलक्यावर सोडू शकते. २१ वर्षांखालच्या आरोपीला तुरुंगात पाठवायचे तर कारणे नोंदवावी लागतात. खालच्या न्यायालयात कोणी हा विषयच काढला नसेल तर अपिलात काढता येतो.

नव्या कायद्यातली सामुदायिक सेवा मात्र आगळिकीला लागू नाही. झाडे लावतो, रस्ता झाडतो अशी तयारी दाखवून कैद टळेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. ती शिक्षा अगदी मोजक्या गुन्ह्यांसाठी आहे.

शिक्षा झाल्यावर तडजोड होऊ शकते का?

नुकसान फक्त खासगी व्यक्तीचे असेल तर होऊ शकते. जुनी कलमे ४२६ व ४२७ आणि नव्या कलम ३२४ ची उपकलमे (२) व (४) आपसात मिटवण्याजोगी आहेत. अपील चालू असताना त्यासाठी अपील न्यायालयाची परवानगी लागते. ती मिळाली की परिणाम निर्दोष सुटकेचा होतो. शेजाऱ्या-पाजाऱ्यांच्या प्रकरणांत हा मार्ग अपिलाच्या युक्तिवादापेक्षा लवकर पोहोचवतो. एसटीच्या काचेला तो नाही.

वकील तारखेला आला नाही म्हणून अपील फेटाळले जाईल का?

गैरहजेरी एवढ्याच कारणावरून फेटाळता येत नाही. न्यायालयाने रेकॉर्ड पाहून गुणदोषांवर निकाल द्यायचा असतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही.

सत्र न्यायालयात अपील फेटाळले. पुढे?

दुसरे अपील नाही. उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो, ९० दिवसांत. तिथे साक्षीपुरावा पुन्हा पहिल्यापासून चाळला जात नाही. कायद्याची चूक, अधिकाराबाहेरची शिक्षा, निष्कर्षात ढळढळीत विसंगती यांवर भर असतो. म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांच्या मर्यादेचा, चुकीच्या पायरीचा किंवा चतुर्थांशाच्या हिशेबाचा मुद्दा आधी कोणी घेतला नसला तरी तो तिथे मांडण्याजोगा असतो. अपील फेटाळताच शिक्षेची स्थगितीही संपते, त्यामुळे ९० दिवस हाताशी आहेत असे समजून थांबू नका. अर्ज आणि त्यासोबतची स्थगितीची मागणी पहिल्याच आठवड्यात तयार हवी.